निळं झाड पुन्हा फुललंच नाही, आता सुनेला काय सांगू?

गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६२. मुलगा आणि सून पुण्याला असतात. सून वाईकडची. लग्नानंतर गेल्या मे महिन्यात ती पहिल्यांदा राहायला आली, तेव्हा माहेराहून हायड्रेंजियाची फुललेली कुंडी मांडीवर धरून घाट उतरून आली. नारळाएवढे दोन निळे गेंद होते. ताईंनी कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी टीपॉयवर ठेवली. येणारा-जाणारा थांबून विचारायचा. दीड महिन्यात फुलं हिरवट पडली आणि गणपती येईपर्यंत वाळून गेली. माघात ताईंनी जास्वंदीबरोबर हेही झाड छाटलं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, तरी दुपार झाली की पानं माना टाकतात, कडा करपतात, खालची पानं पिवळी होऊन गळतात. या वर्षी एकही कळी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "घाटावरचं ते, खाली नाही रुजायचं." त्या नुसत्या झाडाबद्दलच बोलत होत्या का, हे काही ताईंना कळलं नाही.

तीन आठवड्यांनी मुलगा-सून येणार आहेत. ताई विचारतात, झाड एसीच्या खोलीत ठेवू का? की तसंच फुललेलं दुसरं मागवून गुपचूप याच कुंडीत लावू? "तिला वाटायला नको, की आईंना माझी एक कुंडी सांभाळता आली नाही."

प्रिय ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ अगदी जाता जाता लिहिली आहे: "बुडाशी दोन नवे कोंब दिसतात, पण त्यांचं काय." मला पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच वाटली. ज्या झाडाला तुम्ही गेल्यात जमा धरलंय, ते खालून नव्यानं फुटतंय. म्हणजे मुळं अजून काम करताहेत. तेव्हा दुसरं झाड मागवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. त्यावर पुढे बोलूच.

आधी तुमच्या मनातल्या एका समजुतीबद्दल. झाड फुललं नाही म्हणजे आपली निगा कमी पडली, असं तुम्ही धरून चालला आहात. जास्वंद, अबोली, अनंत यांच्या बाबतीत हे बरंचसं खरंही आहे. खत-पाणी-ऊन वेळेवर मिळालं की ती फुलतात आणि आपल्याला निगा राखल्याची पावती मिळते. हायड्रेंजियाचं तसं नाही. त्याला कळी धरायला थंडी लागते. सहा ते आठ आठवडे रात्री १८ अंशांच्या बऱ्याच खाली उतराव्या लागतात, तेव्हा कुठे फांदीच्या शेंड्याला पुढच्या वर्षीची कळी बसते. बाजारासाठी ही झाडं तयार करणारे लोक तर कळी बसली की त्यांना सहा-एक आठवडे शीतगृहासारख्या गारव्यात ठेवतात, पानं गळू देतात, आणि मग उबेत आणून फुलवतात. तुमच्या सुनेनं आणलेले ते दोन गेंद अशा कुठल्या तरी थंडीत आधीच ठरून गेलेले होते. वाई-पाचगणीकडचा हिवाळा त्या कळीत साठवलेला होता, तुमच्या टीपॉयवर तो फक्त उमलला.

आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतली रात्रसुद्धा साधारण १८-२० अंशांच्या आसपास असते. पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते तेवढाच गारवा. त्या झाडाला तो पुरत नाही. तुम्ही काहीही केलं असतंत, अगदी त्याच्या उशाशी बसून राहिला असतात, तरी या वर्षी कळी आली नसती. माघातल्या छाटणीचंही मनाला लावून घेऊ नका. एरवी ती चूकच ठरते, कारण हे झाड जुन्या फांदीच्या शेंड्याला फुलतं आणि हिवाळ्यात शेंडा कापला की कळीच कापली जाते. पण तुमच्याकडे कापायला कळी नव्हतीच. पुढे कधी छाटायचं झालं तर फूल सुकल्यावर लगेच, वरून दुसऱ्या जाडजूड पानांच्या जोडीच्या वर कापा. एकदा पावसाळा सरला की कात्री लावू नका.

फुलं हिरवी पडली तेव्हा तुम्हाला ते आजारपण वाटलं. तेही आजारपण नव्हतं. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती या झाडाची निदलं असतात, म्हणजे कळीवरचं आवरण असतं ना, ते. खरं फूल मधल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या ठिपक्यात असतं. म्हणून तर हा गेंद महिना-दीड महिना टिकतो, आणि वय झालं की पाकळीसारखा गळून न पडता पानासारखा हिरवा होत जातो. दीड महिना टिकला म्हणजे तुम्ही तो चांगलाच सांभाळलात.

आता दुसरी समजूत, आणि ही तुमच्या एकटीची नाही. हायड्रेंजिया हे घरात ठेवायचं झाड आहे असं विकणारेच सांगतात. फुललेलं असताना चार-सहा आठवडे ते घरात छान राहतं, त्याहून जास्त नाही. ते मुळात झुडूप आहे, चांगलं कमरेएवढं, डोक्याएवढं वाढणारं. त्याला मोकळी हवा आणि भरपूर उजेड हवा असतो, फक्त माथ्यावरचं ऊन नको. आपली जुनी घरं उन्हापासून वाचायला बांधलेली. पुढे पडवी, खाली उतरलेली कौलं, आत गारवा आणि अंधार. माणसाला ते सुखाचं, पण टीव्हीशेजारचा टीपॉय म्हणजे झाडाच्या हिशेबानं तळघरच. वर पंखा. पंख्याचा वारा त्या मोठ्या पानांतलं पाणी दिवसभर ओढून नेतो.

तर आज संध्याकाळीच ती कुंडी उचला आणि पडवीत आणा. पूर्वेची पडवी असेल तर उत्तम. सकाळी आठ-नऊपर्यंतचं कोवळं ऊन मिळालं, की उरलेला दिवस सावली आणि उजेड पुरे. पूर्वेची नसेल तर नारळी-पोफळीच्या आगरातली विरळ सावली चालेल. एकदम उघड्यावर मात्र नेऊ नका. वर्षभर अंधारात राहिलेली पानं एका दुपारीत भाजून निघतील. आठ-दहा दिवस पडवीत आतल्या बाजूला, मग हळूहळू कठड्याकडे.

आता पाण्याकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या झाडाचं खरं दुखणं तिथंच आहे.

दुपारी पानं माना टाकतात हे बघून तुम्ही पाणी वाढवत गेलात. कोणीही तेच करेल. मीही केलं होतं. रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहत असताना एका नर्सरीतून मी गुलाबी हायड्रेंजिया आणला. तिथं सांगितलं, "इनडोअर आहे, रोज पाणी घाला, काही होत नाही." मी रोज घातलं. पानं लवली की आणखी घातलं. पावसाळा लागायच्या आत झाड गेलं. कुंडी उपडी केली तेव्हा मातीला गटारासारखा वास येत होता. त्या वासानं मला जे शिकवलं ते तुम्हाला झाड जायच्या आधीच कळावं म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

या झाडाची पानं मोठी आणि पातळ असतात. ऊन तापलं, वारा सुटला, की पानांतून पाणी इतक्या वेगानं उडतं की मुळं ते तेवढ्या वेगानं पुरवू शकत नाहीत. माती ओली असली तरी. मग पान लवतं. संध्याकाळी हवा निवली की मुळं मागचं भरून काढतात आणि पान पुन्हा उभं राहतं. ते पान तहानेनं लवलेलं नसतं, उन्हानं लवलेलं असतं. यातला फरक ओळखायला दोनच गोष्टी लागतात. दुपारी बोट मातीत दोन पेरं खोल घाला. ओलं लागलं तर पाणी घालू नका, कुंडी सावलीत सरकवा आणि सातच्या दिवेलागणीला पुन्हा बघा. पानं वर आली असतील तर झाड ठीक आहे. बोटाला कोरडं लागलं तर मात्र थेंब थेंब शिंपडू नका. कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास बसवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, निथळू द्या. खाली बशी असेल तर तिच्यात पाणी साचलेलं राहू देऊ नका.

तिसरी शक्यताही आहे. माती ओली, संध्याकाळ झाली, रात्र झाली, तरी पानं लवलेलीच. मग मुळं कुजायला लागली आहेत असं समजा. तुमच्या पत्रातल्या पिवळ्या पानांवरून मला थोडीशी हीच शंका येते, म्हणून एकदा मुळं बघून घ्याच. आदल्या दिवशी पाणी देऊ नका. कुंडी आडवी करून बाहेरून थापट्या मारा आणि बुंधा धरून मातीसकट गड्डा बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरं किंवा पिवळसर असतं, चिमटीत धरलं तर घट्ट लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, मऊ. चिमटीत धरून ओढलं तर भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी वरची साल हातात येते आणि आत बारीक दोरा राहतो. असे दोरे सगळे कात्रीनं कापून टाका. जेवढी मुळं कापली तेवढ्या मानानं वरची पानंही कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांवर सगळा भार येईल. बुडाचे ते दोन कोंब मात्र सांभाळा. झाडाची सगळी उमेद आता त्यांच्यात आहे.

पुन्हा लावताना माती बदला. आणि इथं, ताई, तुम्ही नशीबवान आहात. या झाडाचा निळा रंग मातीतल्या ॲल्युमिनियममुळे येतो, आणि माती आम्ल असेल तरच ते ॲल्युमिनियम मुळांना उचलता येतं. आपला जांभा म्हणजे नेमकं तेच: वर्षानुवर्षांच्या पावसानं चुना धुऊन गेलेला, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलेलं. किनाऱ्यावर काही ठिकाणी त्यातूनच बॉक्साइट निघतं. घाटावरच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोक निळ्या रंगासाठी तुरटीचं पाणी घालत बसतात, तरी गेंद गुलाबीच राहतो. तुमच्या गडग्याच्या कडेची लाल माती घेतलीत की झालं. तुरटीची काही गरज नाही, जास्त झाली तर ती मुळं जाळते. पांढऱ्या जाती तेवढ्या कुठल्याही मातीत पांढऱ्याच राहतात.

लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग, आणि नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग. भुसा आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात खार असू शकतो. निचऱ्यासाठी रेती घालायची तर नदीची. किनाऱ्यावरची पुळण अजिबात नको, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुराही, म्हणजे चुनाच. चुलीतली राख आणि अंड्यांची टरफलंही या झाडाला घालू नका. आपल्याकडे राख सगळ्याच झाडांना घालायची सवय आहे, पण राखेनं माती अल्कधर्मी होते, मग पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुंडी मातीची घ्या, दहा-बारा इंची, बुडाला भोकं नीट आहेत ना ते बघून.

करपलेल्या कडांचं आणखी एक कारण असू शकतं, ते तुमच्या विहिरीत आहे. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, तसं काही जाणवत असेल तर ते पाणी या झाडाला चालणार नाही. मीठ मातीत साठत जातं आणि पानाची कड आधी जळते. पाऊस लागेपर्यंत नळाचं पाणी किंवा वरच्या अंगाच्या विहिरीचं दोन तांबे आणता आलं तर बघा. एका कुंडीला काही फार लागत नाही. पहिल्या चार सरी पडल्या की मातीतला खार आपोआप धुऊन निघेल.

पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. अंगणात चिखल उडवणारी ती धार कुंडीतली माती घट्ट करून टाकते. पडवीच्या कडेला, पावसाचे तुषार येतील इतपत जागा बरी. आषाढात पानांवर तपकिरी-जांभळे ठिपके दिसतील, ती पानं काढून लांब टाका आणि झाडाच्या आजूबाजूला वारा खेळता ठेवा. औषधांच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात पानाच्या पाठी बारीक लाल कोळी होतो, त्याला पाण्याचा फवारा पुरतो. खत म्हणाल तर पावसाच्या आधी आणि पाऊस ओसरल्यावर एकेक मूठ गांडूळखत. आजारी असताना काहीच नको. गोठ्यात गुरं असतील, शेळी मोकळी फिरत असेल, घरात मांजर असेल, तर हे झाड त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. पोटात गेलं तर विषारी आहे.

एसीचं विचारलंत. नको. झाडाला थंडी हवी ती हिवाळ्यात, दीड-दोन महिने सलग, रात्रभर. उन्हाळ्यात दोन आठवडे एसीत ठेवून कळी येणार नाही. एसीचा कोरडा वारा मात्र उरलेल्या पानांच्या कडाही जाळेल, आणि वीजबिल येईल ते वेगळंच.

आणि आता ते दुसरं झाड. ताई, हे करू नका. तुम्ही कशापोटी विचार केलात ते मला कळतं. पण तुमची सून वाईकडची, हे झाड तिच्या घरच्या अंगणातलं असेल किंवा तिनं चार कुंड्यांतून निवडून घेतलेलं असेल. झाड देणारा माणूस ते ओळखतो. कुठली फांदी वाकडी होती, कुठल्या पानावर डाग होता, हे त्याच्या लक्षात असतं. तिनं ओळखलं तर ती बोलणार नाही, पण तुमच्या दोघींमध्ये एक न बोललेली गोष्ट राहील. नाही ओळखलं, तर पुढच्या मेला पुन्हा एक कुंडी मागवावी लागेल. आणि तिकडे बुडाला दोन कोंब फुटलेलं ते खरं झाड तुम्ही कुठे ठेवणार? मागीलदारी लपवून?

तुमच्या भीतीकडेही जरा नीट बघूया. "तिला वाटायला नको" असं तुम्ही लिहिलंत, पण तिला तसं वाटतंय असं पत्रात कुठंच नाही. उलट मागे फोनवर तिनं "आई, झाड कसंय?" असं विचारल्याचं तुम्ही लिहिलं आहे, आणि तुम्ही "छान आहे" म्हणून विषय बदललात. मला वाटतं, ती तुमची परीक्षा घेत नव्हती. नव्या घरात सासूशी काय बोलावं हे नव्या सुनेला सुचत नसतं. तिला एक विषय मिळाला होता, दोघींचा असा. तुम्ही तो मिटवलात. आता तो पुन्हा उघडा. ती यायची वाट बघू नका, या आठवड्यातच फोन करा. म्हणा, "अगं, तुझं झाड यंदा फुललं नाही. आपल्याकडे थंडी नाही ना, म्हणून. पण बुडातून नवीन फुटलंय. तुमच्याकडे याचं काय करतात?" शेवटचा प्रश्न विसरू नका. तिला त्यातलं माहीत असेल तर ती सांगेल. माहीत नसेल तर तिच्या आईला विचारील, आणि मग विहीणबाईंचाही फोन येईल. झाडांच्या बाबतीत बायका एकमेकींना भरभरून सांगतात, हे मी या सदराच्या पत्रांवरून शपथेवर सांगू शकते.

शेजारच्या काकूंचं बोलणं तुम्हाला लागलं, तेही मला दिसलं. घाटावर आणि खाली, हे आपलं जुनं बोलणं आहे. त्यांच्या मनात काय होतं ते मी इथं बसून सांगू शकत नाही, आणि तुम्हीही त्याचा फार अर्थ लावत बसू नये असं मला वाटतं. पण झाडाबद्दलच बोलायचं तर काकूंची माहिती अपुरी आहे. हायड्रेंजिया मुळात घाटावरचं नाहीच. ते जपानचं, आणि त्यातही तिथल्या समुद्राकाठचं. टोकियोच्या दक्षिणेला समुद्राला लागून असलेल्या भागात ते रानात आपोआप उगवतं. जपानी लोक त्याला अजिसाई म्हणतात आणि ते फुलतं त्यांच्या पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये. कामाकुरा नावाच्या समुद्रकाठच्या गावी एका देवळात तर पावसात भिजलेली ही निळी झुडपं बघायला माणसांची रीघ लागते. खारा वारा आणि पाऊस, दोन्ही त्याच्या ओळखीचे आहेत. फक्त तिकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, तेवढी एक गोष्ट आपल्याकडे नाही. पुन्हा विषय निघाला तर काकूंना एवढं सांगा, "झाड समुद्राकाठचंच आहे हो, नुसतं घाटावरून आलंय." आणि सुनेची नि झाडाची तुलना मनातून काढून टाका. माणसाला रुजायला हवामान लागत नाही, चार गोड शब्द लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत.

आता फुलांचं. पुन्हा फुलं हवीच असतील तर एक वाट आहे, आणि तिच्यात सुनेची मदत लागेल. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी ११-१२ अंशांपर्यंत उतरतं. दिवाळीला मुलगा-सून आले की जाताना कुंडी बरोबर द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती त्यांच्या गॅलरीत उघड्या हवेत राहू दे, पाणी बेताचं, छाटणी नाही. पानं गळली तर घाबरायचं नाही. शिमग्याला येतील तेव्हा परत आणतील. शेंड्यांना गुबगुबीत डोळे धरलेले दिसले तर मेमध्ये गेंद येतील. नक्की येतीलच असं मी म्हणणार नाही. प्रवास, पाणी, जातीचा गुण, बरंच काही त्यात आहे. हा सगळा खटाटोप वाटत असेल तर फुलांचा नाद सोडून नुसतं हिरवं झाड म्हणून ते पडवीत ठेवा. त्याची पानं रुंद, कातरलेल्या कडांची, देखणी असतात. आमच्या ओळखीत एका घरी असं न फुलणारं झाड गेली कित्येक वर्षं आहे, आणि त्याला कोणी वांझ म्हणत नाही.

ज्या वाचकांना असं फुललेलं झाड भेट मिळालंय आणि जी मंडळी अलिबाग, मुरूड, रत्नागिरी, मालवण अशा किनाऱ्यावर राहतात, त्यांच्यासाठी हेच लागू. दापोली किंवा आंबोलीसारख्या उंचावर असाल तर थंडी जास्त मिळते, तिथं जमिनीत लावून बघायला हरकत नाही. आणि गेंदासारखी फुलं किनाऱ्यावरच हवी असतील तर इक्झोरा लावा, पेंटास लावा. अनंतालाही हीच आम्ल लाल माती आवडते, आणि वास तर विचारूच नका. मी स्वतः पुन्हा हायड्रेंजिया आणला नाही, अनंत लावला. पण मला तो कोणी माहेराहून मांडीवर धरून आणून दिला नव्हता, म्हणून माझा निर्णय सोपा होता. तुमचा तसा नाही, आणि तुम्ही झाड ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात सून येईल तेव्हा कुंडी बदलायचं काम तिच्यासाठी राखून ठेवा. मुळं तपासणं तेवढं आधी करून घ्या, ते थांबणार नाही. तात्पुरतं जुन्याच कुंडीत ताजी माती घालून बसवा. मोठी कुंडी, धुतलेला भुसा, चाळलेली लाल माती असं सगळं पडवीत तयार ठेवा आणि दोघी मिळून लावा.

आणि मृग लागला की आणखी एक करा. नव्या वाढीची, न फुललेली, बोटभर जाडीहून बारीक अशी फांदी निवडा. चार-पाच इंचांची काडी पेराच्या खाली कापा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, ती दोनही अर्धी कातरा. भुसा आणि रेतीत टोचून पडवीच्या सावलीत ठेवा. दुसरीकडे वरून प्लास्टिकची पिशवी घालावी लागते, आपल्याकडे त्या दिवसांत हवाच इतकी ओली असते की काही घालावं लागत नाही. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. चार काड्या लावा, सगळ्या जगत नाहीत. गणपतीत सून येईल तोवर एक-दोन तरी लागलेल्या असतील. त्यातली एक पुण्याला तिच्याबरोबर द्या. काडी लागली की मला कळवा.